तलाठी, ग्रामसेवक, हवालदार लाच मागतोय? एसीबीची तक्रार कुठे अडकते ते आधी वाचा

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, म्हणजे एसीबीकडे, तक्रार करायला फी नाही, वकील लागत नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही. 1064 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी विभागाच्या कार्यालयात जा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते लिहून घेतात. तरीही लोक हात हलवत परत येतात, आणि सापळा (लाच घेताना रंगेहाथ पकडणं) यशस्वी होऊनही पुढे कोर्टात आरोपी सुटतो. सापळ्याची बातमी फोटोसकट छापून येते, सुटल्याची आतल्या पानावर चार ओळींत. केस जिथे पडते त्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक सापळ्याच्या आधीच्या आहेत.

तक्रार कोणाविरुद्ध करता येते, यात फारसा घोळ नाही. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी, ग्रामसेवक, भूमी अभिलेखचा भूकरमापक, पोलीस हवालदार, नगरपालिकेचा लिपिक, महावितरणचा कर्मचारी, सरपंच, हे सगळे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम 1988 खाली लोकसेवक आहेत. पैसे घेणारा खासगी माणूस असला तरी सुटत नाही. तलाठ्याच्या सजा कार्यालयात साहेबांच्या खुर्चीशेजारी बसणारा, ज्याला लोक झिरो तलाठी म्हणतात, तोही आरोपी होतो. टपाल, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक, आयकर असा केंद्राचा मामला असेल तर सहसा सीबीआयकडे जावं लागतं. गावच्या पोलीस ठाण्यात मात्र ही तक्रार घेऊन जाऊ नका. अशा गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक किंवा सरकारने खास अधिकार दिलेला निरीक्षकच करू शकतो, त्यामुळे तुम्हाला तिथून पुढे पाठवणारच. तोवर साहेबांपर्यंत बातमी पोचलेली असते.

सात दिवसांचा गैरसमज

सर्वात जास्त चुकीचा वाचला जाणारा नियम हाच. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही कलम 8 खाली गुन्हा झाला. लाच देणाऱ्याला पूर्वी जे संरक्षण होतं ते गेलं. त्याच कलमात सूट आहे: जबरदस्तीने लाच द्यावी लागली असेल तर दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवायचं.

काही जण हे असं वाचतात की मागणी झाल्यापासून सातच दिवस आहेत, ते उलटले, आता काही होणार नाही. काही जण उलटं वाचतात की आधी देऊन टाकू, सात दिवसांत तक्रार करू. दोन्ही चूक. सात दिवस पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजायचे. नुसती मागणी झाली असेल आणि पैसे दिले नसतील तर ही मुदत तुम्हाला लागूच नाही. आधी एसीबीला कळवून नंतर त्यांच्या देखरेखीखाली पैसे दिले तर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. म्हणून साहेबांना फक्त एवढंच म्हणा की पैसे जमवायला दोन-तीन दिवस लागतील. नकार देऊ नका, भांडू नका, आणि एक रुपयाही टेकवू नका. "निम्मे देऊन आलोय, उरलेले द्यायचेत" असं सांगत येणारे बरेच असतात. तेव्हाही या, पण दिलेले पैसे लपवू नका. ते नंतर उलटतपासणीत निघतात आणि तुमच्या सगळ्या साक्षीवर पाणी पडतं.

सहा महिन्यांपूर्वी दिलेल्या लाचेची तक्रार आता करायची असेल तर गाडी फार हळू चालते. अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाशी किंवा केलेल्या शिफारशीशी संबंध असेल तर कलम 17अ प्रमाणे चौकशीलाच आधी मान्यता लागते. रंगेहाथ पकडण्याला ती लागत नाही. सापळ्यावर भर असतो तो यासाठी.

ज्याच्याकडे कधीच नसतो तो कागद

पोच. तुम्ही फेरफारासाठी, वारस नोंदीसाठी, दाखल्यासाठी अर्ज दिला, त्याची तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच. बहुतेक कामं "कागद इथे ठेवून जा, बघतो" वर चालतात आणि पोच मागितली की साहेबांना राग येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे अधिसूचित सेवेच्या अर्जाला पोच द्यावीच लागते. ती देत नाहीत, हा निव्वळ माज आहे.

पोच नाही म्हणून एसीबी तक्रार घेत नाही असं नाही. पण बचाव पक्ष पहिला प्रश्न हाच विचारतो: काम याच्याकडे होतंच कुठे? काम प्रलंबित नव्हतं तर लाच कशासाठी मागेल? कोर्टात हा मुद्दा चालतो. म्हणून पोच नसेल तर अर्जाची प्रत पुन्हा स्पीड पोस्टाने पाठवा किंवा आपले सरकार पोर्टलवर, सेतू केंद्रातून भरा आणि पावती सांभाळा. खरेदीखताची सूची दोन, जुना सातबारा, आलेली नोटीस, जे काही असेल ते सोबत न्या. आधार कार्डही सोबत असू द्या.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो. जमीन वडिलांच्या नावावर, मागणी मुलाकडे केली, तर तक्रार कोणी करायची? ज्याच्याशी साहेब बोलले त्याने. वडिलांनी सही करून मुलाला पुढे पाठवलं की पडताळणीत, म्हणजे मागणी खरी आहे का ते तपासताना, सगळं अडखळतं.

निनावी पत्रावरून सापळा लागत नाही. नाव लागणारच. ते तुमच्या परवानगीशिवाय वर्तमानपत्रात जाऊ नये याची काळजी विभाग घेतो, पण आरोपीला ते कळतं. हे आधीच मनाशी पक्कं करून जा.

पडताळणी

लोकांना वाटतं सापळा म्हणजे नोटांना पावडर लावून धरणं. खरी परीक्षा त्याच्या आधी असते. तक्रार दिल्यावर विभाग तुमच्याकडे व्हॉइस रेकॉर्डर देतो, सोबत पंच असतो. हे पंच दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी असतात. तुम्ही साहेबांकडे जायचं आणि कामाचं विचारायचं. त्यांनी मागणी केली पाहिजे आणि ती रेकॉर्ड झाली पाहिजे.

घात होतो तो इथे. घाबरलेला तक्रारदार आत शिरताच म्हणतो, "साहेब, ते पाच हजार आणू का?" झालं. रेकॉर्डिंगमध्ये मागणी तुमची, साहेबांची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केलं की पैसे घेतल्याचा आरोप असेल तर मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा नाही. नुसत्या खिशात नोटा सापडल्या एवढ्यावर भागत नाही. तेव्हा तुम्ही फक्त विचारा, "माझ्या फेरफाराचं काय झालं?" आणि गप्प बसा. साहेबांना बोलू द्या. ते बोटं दाखवतील, कागदावर आकडा लिहून खोडतील, "बाहेर त्याच्याशी बोल" म्हणतील. अशा वेळी साधा प्रश्न विचारा: "म्हणजे किती, साहेब?" आकडा तोंडून निघाला की काम झालं. आणि रकमेवर घासाघीस होणं चांगलं. बातम्यांत "तडजोडीअंती तीन हजार" असं येतं ना, ती तडजोडच मागणीचा भक्कम पुरावा असते.

पडताळणीत मागणी सिद्ध झाली आणि साहेबांना नंतर संशय येऊन त्यांनी पैसे घेतलेच नाहीत, तरी केस संपत नाही. कलम 7 मध्ये लाच मिळवण्याचा प्रयत्नही गुन्हा आहे, नुसत्या मागणीवरही गुन्हा दाखल होतो. सापळा फसला म्हणून रडत घरी जाऊ नका.

स्वतःच्या मोबाईलवर आधीच रेकॉर्डिंग केलं असेल तर फाईल कापू नका, नाव बदलू नका, फोन रिसेट करू नका. मूळ फोनच लागतो आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63, पूर्वीचं 65ब). व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या क्लिपला कोर्टात किंमत नसते. आणि ती गावच्या ग्रुपवर टाकली तर सापळाच विसरा.

सापळ्याचा दिवस

नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहितात, त्यांना फिनॉल्फ्थॅलिन पावडर लावतात आणि तुमच्या खिशात ठेवतात. तुम्ही हात लावायचा तो साहेबांनी मागितल्यावरच, आधी चाळवाचाळव नको. मोठ्या रकमेत वरखाली खऱ्या नोटा आणि मधे खेळण्यातल्या नोटा असंही करतात. घेतले की ठरलेला इशारा, डोक्यावरून रुमाल फिरवणं वगैरे. पथक आत येतं, साहेबांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि फिनॉल्फ्थॅलिन असेल तर पाणी गुलाबी होतं. ते पाणी बाटलीत सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातं. तुमचे पैसे पुरावा म्हणून अडकतात, पण तेवढी रक्कम विभाग परत करतो. पाठपुरावा मात्र तुम्हीच ठेवा.

साहेबांशी पूर्वीचा हातउसन्याचा व्यवहार असेल, शेतसारा किंवा घरपट्टी थकली असेल, तर ते तक्रारीतच सांगा. बचावाचं ठरलेलं वाक्य असतं: "मी उसने दिले होते ते परत घेतले." तुम्ही आधी सांगितलेलं असेल तर त्यातली हवा जाते.

मंजुरी, म्हणजे पुन्हा सरकारी टेबल

कोर्टाने दखल घ्यायच्या आधी कलम 19 प्रमाणे अभियोग चालवायची मंजुरी लागते. ती त्या कर्मचाऱ्याला नोकरीतून काढू शकणारा अधिकारी देतो. मुदत तीन महिने, कारण असेल तर आणखी एक. वास्तवात फाईल पडून राहते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच सांगितलंय की ही मुदत पाळणं बंधनकारक आहे, पण उशीर झाला म्हणून खटला रद्द होत नाही, उशीर करणाऱ्याला जबाबदार धरावं. धरलं जातं का, हे विचारू नका.

इथे तक्रारदार एक फुकटचा फेरा मारतात. थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे "खटल्याला मंजुरी द्या" असा अर्ज करतात आणि तो परत येतो. 2018 पासून खासगी व्यक्तीला तसा अर्ज करण्याआधी कोर्टात फिर्याद दाखल करावी लागते आणि कोर्टाने मंजुरी आणायला सांगावं लागतं. एसीबीची केस असेल तर मंजुरी विभाग मागतो. तुम्ही लेखी विचारा की प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला, बस्स.

निलंबनाचंही तसंच. 48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली तर नागरी सेवा नियमांप्रमाणे कर्मचारी निलंबित झाला असं मानलं जातं. नंतर तो कामावर परत आलेला दिसला तर केस मिटली असा अर्थ काढू नका. शिस्तभंग वेगळा, खटला वेगळा. दोषी ठरला तर किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि दंड.

तुमचं काम आणि तुमची साक्ष

ज्या फेरफारासाठी हे सगळं झालं तो तसाच राहतो, कारण नवा माणूस त्या फाईलला हात लावायला घाबरतो. एसीबीला लेखी द्या, ते वरिष्ठांकडे पाठपुरावा करतात. शिवाय लोकसेवा हक्काखाली मुदत संपल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करा. दोन्ही एकदम चालतात.

कोर्टात साक्षीला बोलावणं यायला काही वर्षं जातात. दरम्यान गावातले चार लोक येतात, "त्याची बायको-पोरं बघ, मिटवून टाक" म्हणतात. हा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. साक्ष फिरवली तर तुम्ही फितूर ठरता आणि खोट्या साक्षीची कारवाई तुमच्यावर होऊ शकते. नीरज दत्ता निकालानुसार तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, म्हणजे फिरूनही साहेब सुटतीलच असं नाही. तक्रारीची आणि एफआयआरची प्रत घरात जपून ठेवा, पत्ता किंवा मोबाईल नंबर बदलला तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, आणि साक्षीला जायच्या आधी सरकारी वकिलांना भेटून तुमचा जबाब एकदा वाचून घ्या.