पोचा काढायचा की पत्रा कापायचा?

जुन्या गाडीची दोन मडगार्डं डोळ्यांसमोर आणा. पहिल्यावर कुणीतरी रिव्हर्स घेताना वीतभर रुंद पोचा पाडलाय. दुसरं लांबून धड दिसतं, फक्त चाकाच्या वरच्या कडेला रंगाखाली चार-पाच बारीक फोड आलेत. मालक पहिलं पाहून हळहळतो आणि दुसऱ्याला ‘जरा लांबी (म्हणजे पुट्टी) भरून रंग मारा’ म्हणतो. माझ्या मते हळहळायला हवं ते दुसऱ्यासाठी. पोच्यात लोखंड जागचं हललेलं असतं, पण ते सगळंच्या सगळं तिथंच असतं. चांगला मेस्त्री त्याला परत जागेवर आणू शकतो. फोडांखाली मात्र बऱ्याचदा लोखंड उरलेलंच नसतं.

बेळगावात हा प्रश्न जास्त टोचतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला खानापूर-जांबोटीचं जंगल आणि पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतली ओल हटत नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणजे खारी हवा. आणि ज्याच्या दारात उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार आहे त्याला तो घाटरस्ता खुणावणारच. म्हणून गाडी डेंटरकडे सोडण्याआधी पत्र्याच्या आत काय घडतं हे मालकाला माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं. मेस्त्रीवर देखरेख करायला नव्हे, तर ‘कापू का?’ या त्याच्या प्रश्नाला विचार करून उत्तर देता यावं म्हणून. मूळ पत्रा एकदा कापला की गेला.

साठच्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा, कमी कार्बनच्या नरम पोलादाचा असतो. असं पोलाद थोडं ताणलं आणि सोडलं तर ते मूळ लांबीवर परत येतं. पण ही मुभा फार लहान आहे, हजार भागांत जेमतेम एक भाग. त्यापलीकडे ताणलं की आकार कायमचा बदलतो. आता पोच्याकडे पुन्हा बघा. वीतभर खड्ड्यातला बराचसा पत्रा या मुभेच्या आतच वाकलेला असतो. त्याला परत यायचं असतं, येता येत नाही एवढंच. कायमची मोड पडलेली असते ती खड्ड्याच्या कडेनं उठलेल्या वरंब्यात आणि मधल्या एखाद्या तीक्ष्ण चुणीत. तेच बाकीच्या पत्र्याला खाली दाबून धरतात.

म्हणून जाणता मेस्त्री खड्ड्याच्या पोटात मागून हातोडी घालत नाही. तो आधी कडेचा वरंबा शोधतो, डोळ्यांपेक्षा तळहातानं, आणि तिथून सुरुवात करतो. धडकेत जी मोड शेवटी पडली ती सगळ्यात आधी सोडवायची, असा उलटा क्रम. मागून डॉलीचा, म्हणजे हातात धरायच्या लोखंडी ठोकळ्याचा दाब आणि पुढून वरंब्यावर हलके ठोके. वरंबा उतरला की मधला पत्रा बराचसा आपोआप वर येतो. घाई करणारा नेमकं उलटं करतो. मागून खड्ड्याच्या मध्यावर घाव घालतो, आणि एका मोडीच्या जागी वीस बारीक मोडी तयार करून ठेवतो.

प्रत्येक घाव धातूच्या आत नोंदला जातो, आणि हा भाग मला या साऱ्या विषयात सर्वात सुंदर वाटतो. पोलादातले अणू स्फटिकाच्या शिस्तीत रचलेले असतात, पण ती शिस्त निर्दोष नसते. मधेच एखादी अणूंची रांग अर्धवट संपलेली असते. त्या दोषरेषेला विस्थापन म्हणतात. धातू वाकतो तो या रेषा सरकतात म्हणून. १९३४ साली जी. आय. टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली, तेव्हा कुठं धातू हिशोबापेक्षा इतका सहज का वाकतो याचा उलगडा झाला. तापवून नरम केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरात अशा रेषांची एकूण लांबी दहा ते हजार किलोमीटर भरते. ठोकून ठोकून कडक झालेल्या धातूत ती दहा लाख किलोमीटरच्याही पुढं जाते. रेषा एकमेकींत अडकतात, सरकायला वाव राहत नाही. पत्रा कडक होतो, आणखी ठोकला तर तडकतो. एकाच मडगार्डाचे पोचे तीन वेगवेगळ्या गॅरेजांत काढले गेले असतील तर चौथ्या मेस्त्रीच्या हाताखाली ते चिरलं, यात चौथ्याचा दोष नसतो.

दुसरी अडचण पसरण्याची. डॉली बरोबर खाली धरून वरून हातोडी मारली की दोन्हींच्या मधला पत्रा पातळ होतो आणि बाजूला पसरतो, थापताना भाकरी पसरते तसा. भाकरीला कडेनं मोकळीक असते. मडगार्डाच्या मधल्या पत्र्याला नसते. वाढलेलं क्षेत्रफळ कुठंतरी मावायला हवं म्हणून तो फुगतो. बोटानं दाबला की टक्‌ करून आत, सोडला की टक्‌ करून बाहेर. अशा पत्र्यावर लांबी भरून रंग दिला तर थोड्याच दिवसांत चरे दिसू लागतात.

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो: पत्रा आक्रसवण्यासाठी तो तापवायचा. फुगवट्याच्या माथ्यावर एक रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका गॅसनं लाल करायचा. ७०० अंश सेल्सियसला पोलाद जवळजवळ एक टक्क्यानं प्रसरण पावू पाहतं. पण भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, आणि लाल झालेलं पोलाद नरम पडलेलं असतं. मग ते बाजूला न जाता जाडीत वाढतं. हलक्या ठोक्यांनी त्याला तिथंच दाबायचं आणि ओल्या फडक्यानं निववायचं. निवताना ते आक्रसतं, आणि आता आक्रसायला त्याला कुणी अडवत नाही. ठिपका मुळापेक्षा लहान आणि जाड होतो, फुगवटा बसतो. हीच गोष्ट वेल्डिंगमध्ये शत्रू होते. लांब सलग शिवण मारली की ती निवताना आक्रसते आणि भोवतीचा पत्रा लाटांसारखा ओढून घेते. म्हणून इथं एक टाका, तिथं एक टाका, मधे निवायला वेळ, असंच काम करावं लागतं. ज्याला घाई आहे त्यानं जुन्या गाडीला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं पोलादाचं. काही गाड्यांत सगळा पत्रा पोलादाचा नसतो, म्हणून खिशात लोहचुंबक ठेवायचं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची सुरुवातीची बॉनेटं ॲल्युमिनियमची होती. ऑस्टिन-हीली ३००० या दुसऱ्या ब्रिटिश गाडीत (१९५९ ते १९६७) पुढचं-मागचं आवरण ॲल्युमिनियमचं आणि मडगार्डं पोलादाची. बेळगावकरांना ॲल्युमिनियम परकं नाही. इथल्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना तयार होतो, आणि ॲल्युमिनियमचा जन्म त्यातूनच होतो. पण गॅसच्या ज्योतीखाली हा धातू फसवतो. तो ६६० अंशांना वितळतो आणि वितळेपर्यंत लाल होत नाही. पोलादाच्या सवयीनं रंगाची वाट बघत बसलं तर बॉनेटला भोक पडतं. त्यासाठी जुनी युक्ती आहे. पत्र्यावर अंगाचा साबण चोळायचा आणि मागून तापवायचं. साबण काळपट तपकिरी झाला की धातू नरम झाला, ज्योत बाजूला.

हीलीत हे दोन धातू जिथं टेकतात तिथं पाण्याचा थेंब अडकला की एक छोटी बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडतं आणि झिजून पांढरी भुकटी होतं. पावसाचं पाणी यासाठी पुरेसं आहे, मीठ असेल तर काम आणखी वेगानं होतं. जोडताना मधे सीलंटचा किंवा रबराचा अखंड थर हवा, आणि तो कुठंही तुटलेला चालत नाही.

फायबरग्लासचा हिशोबच निराळा. बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन ज्यांना आठवते त्यांना हे पटेल. ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली ही गाडी, बॉडी सगळी फायबरची. त्यात पोचा पडत नाही, तडा जातो, कारण काचेचे तंतू आणि रेझिन यांना पोलादासारखं वाकून राहणं जमत नाही. हातोडीचा उपयोग शून्य. तड्याच्या दोन्ही कडा लांब उतारावर घासून नवे थर बसवायचे, तेही आतल्या बाजूनं आधी. बॉडीपुरती गंजाची चिंता मात्र कायमची मिटते.

आता गंजाकडे. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाले की त्याचा ऑक्साइड होतो, आणि त्या गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. रंगाखालचा फोड म्हणजे हा वाढलेला गंज रंगाला वर ढकलतोय. बहुतेक वेळा तो आतून बाहेर आलेला असतो. पत्र्याची दुमड, दोन पत्र्यांमधली फट, चाकानं उडवलेला चिखल साठतो ती वळचण, या जागा महिनोन्‌महिने सुकत नाहीत. म्हणून बाहेर चार फोड दिसले तर रंग खरवडून टोच्यानं टोचून बघा. टोचा आत गेला तर लांबी लावण्यात अर्थ नाही. पॉलिस्टरची लांबी स्वतः ओल शोषते, आणि खालचा गंज अंधारात वाढत राहतो. दोन मिलिमीटरपर्यंतची उणीव भरायला ती उत्तम आहे, पण भोक बुजवायला नाही.

इथं मात्र कापायचं, पण जेवढं मेलंय तेवढंच. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून तेवढाच तुकडा हातानं घडवायचा आणि कडेला कड लावून जोडायचा. एकावर एक चढवलेला जोड सोपा पडतो, पण मधल्या फटीत पुन्हा पाणी शिरतं. तुकडा घडवायला मोठी यंत्रं लागत नाहीत. वाळूची पिशवी, लाकडी हातोडा, डॉली आणि धीर एवढ्यावर मडगार्डाची कड बनते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत मापात काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होताहेत, ती नजर इथं उपयोगी पडते. कायद्याचीही बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले, आणि त्यात गाडी मूळ रूपात, बॉडीच्या ढाच्यात बदल न करता राखलेली असावी अशी अट आहे.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते दरवाज्याखालच्या पोकळ पेटीला, म्हणजे सिलला. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनलेल्या एमजीबीला वेगळी चासी नाही. उघड्या टपाच्या एमजीबीला छत नाही म्हणजे छताचा आधारही नाही. मग पुढचं आणि मागचं चाक एकमेकांशी जुळवून धरण्याचा मोठा भार या दोन पेट्यांवर येतो. ट्रायम्फ स्पिटफायर ही उघड्या टपाची ब्रिटिश गाडी आपल्याकडच्या जुन्या स्टँडर्ड हेरल्डची भावंड. हेरल्डचीच चासी आखूड केलेली, बाजूचे आधार काढलेले. तिथंही सिलच भार पेलतात.

बंद पेटीची ताकद किती असते याचा एक हिशोब बघा. १०० मिलिमीटर चौकोनी, एक मिलिमीटर जाड पत्र्याची पेटी घ्या. तिला लांबीभर एकच चीर पाडली तर पिळाला विरोध करण्याची तिची क्षमता सुमारे ७,५०० पट कमी होते. पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, फक्त पेटी बंद राहिली नाही. सिल गंजून आतून उघडी पडली की गाडीचं हेच होतं. जॅक लावला की दरवाजा अडकू लागतो, ती पहिली खूण. आणि सिल बदलताना दरवाज्याच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू वेल्ड न करता पत्रा कापला, तर गाडी मधोमध बसते आणि नवी सिल त्या बसलेल्या आकारातच पक्की होते. मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू, आणि गाडीचं वजन चाकांच्या जागीच टेकवलेलं, एवढं पाळायलाच हवं.

एमजीबीवाल्यांचं एक नशीब चांगलं आहे. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवरच नवे पत्रे, अगदी अख्खी बॉडीसुद्धा बनवते. इतर गाड्यांसाठी मिळणारे नवे पत्रे बऱ्याचदा मुळाशी जुळत नाहीत. म्हणून वेल्डिंगच्या आधी सगळं नुसतं चिमट्यांनी आणि स्क्रूंनी अडकवून बघायचं. आधी दरवाजा बिजागरीवर, मग त्याच्या मापानं मडगार्ड, मग बॉनेट. फटी चारही बाजूंनी सारख्या दिसेपर्यंत एकही टाका मारायचा नाही.

हे काम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्यात संपवावं. पावसाळी हवेत घासून उघडा केलेला पत्रा काही तासांतच लालसर पडतो आणि त्यावर प्रायमर नीट धरत नाही. घासला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. मिरगाच्या आधी सिलच्या आतून मेण फवारून घ्यावं, आणि पेटीच्या तळाची पाणी वाहून जायची बारीक छिद्रं त्या मेणानं बुजली नाहीत ना, हे तारेनं तपासावं. गाडीवर ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. खालून हवा खेळली पाहिजे, नाहीतर जमिनीची ओल रात्रभर आतल्या पत्र्यावर साचत राहते.