फॉग लॅम्प की ड्रायव्हिंग लॅम्प? आणि त्याआधी गाडीचं नाक

माझ्या जिप्सीच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं काम काढलं, तिथून हे सगळं सुरू झालं. नकलचे, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याचे, सील गळत होते, तो सांधा ज्यावर फिरतो त्या किंगपिनच्या बेअरिंगांनी मान टाकली होती. पुढे विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं जड यंत्र) बसवायची होतीच, म्हणून त्याच खर्चात पुढचे पाटेही (लीफ स्प्रिंग) जाड टाकून घेतले. मग पैसे संपले आणि विंच राहिली. वजन पेलायला आणलेल्या पाट्यांवर वजनच नाही, त्यामुळे गाडीचं नाक दोन इंच वर. दिसायला झकास! पण मुळशीकडून रात्री परत येताना रस्त्यापेक्षा झाडांचे शेंडेच जास्त उजळलेले, आणि समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारून शिव्या घालतोय.

मी निष्कर्ष काढला की हेडलाइट कमी पडताहेत. दुकानात गेलो आणि म्हणालो, "फॉग लाइट द्या, पावसाळा आलाय." त्यांनी गोल, पांढऱ्या, चांगल्या दणदणीत लाइटची जोडी काढून दिली. पंधरा दिवसांनी ताम्हिणीत ढग उतरले असताना मी ती लावली, आणि बॉनेटपुढे कुणीतरी धुतलेली चादर वाळत घातल्यासारखं झालं. बंद केली तेव्हा निदान कडेचा पांढरा पट्टा दिसायला लागला. मला फॉग लाइट म्हणून जे दिलं होतं ते ड्रायव्हिंग लॅम्प होते.

दुकानदाराला तरी किती दोष देणार? आपल्याकडे बंपरवर लावलेल्या कुठल्याही जादा दिव्याला सरसकट फॉग लाइटच म्हणतात. पण हे दोन दिवे एकमेकांच्या अगदी उलट कामाचे आहेत.

ड्रायव्हिंग लॅम्प म्हणजे अप्परचा, म्हणजे हेडलाइटच्या लांब झोताचा, मोठा भाऊ. त्याचा झोत अरुंद आणि लांब पडतो, आणि त्याला वरून कापलेली कड नसते. मोकळ्या, कोरड्या रात्री, समोर कुणी नसताना, दोनअडीचशे मीटरवरची म्हैस दिसावी एवढ्यासाठी तो. म्हणून त्याचं कनेक्शन अप्परवरूनच घ्यायचं असतं: डिपर (खालचा झोत) टाकला की तोही विझला पाहिजे. वेगळ्या स्विचवर ठेवून डिपरसोबत चालवणारे लोक घाटात भेटतात, त्यांच्याबद्दल इथे लिहिता येईल असं काही नाही.

फॉग लॅम्पला लांब बघायचंच नसतं. त्याचा झोत आडवा पसरट, पंख्यासारखा, आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. कडेचा पट्टा, साइडपट्टीचा खड्डा, वळणाचा आतला दगड, म्हणजे पुढचे पंधरा-वीस मीटर दाखवले की त्याचं काम झालं. जुन्या फॉग लॅम्पच्या काचेवर उभ्या रेघांची नक्षी दिसते ती उजेड आडवा पसरवण्यासाठी असते.

ही वरची कड एवढी महत्त्वाची का? धुकं म्हणजे (आणि ताम्हिणी-आंबोलीत खरं तर ढगच) हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. उजेड त्यांच्यावर पडला की चहूकडे विखुरतो आणि त्यातला काही थेट तुमच्या डोळ्यांत परत येतो. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ आणि झोत नजरेच्या रेषेत जितका जास्त, तितकी ती पांढरी भिंत दाट. फॉग लॅम्प खाली बंपरमध्ये असतो आणि त्याचा उजेड जमिनीलगत राहतो, त्यामुळे तुम्ही उजळलेल्या थेंबांच्या थराच्या वरून बघता. छतावरचा एलईडी बार याच्या बरोबर विरुद्ध: डोळ्यांच्या किंचित वर, झोत नजरेबरोबर, शिवाय बॉनेटवर चमक. धुक्यात त्याच्याइतकी निरुपयोगी वस्तू दुसरी नाही. वाळूत किंवा कोरड्या माळावर, हळू चालताना, ठीक आहे.

पिवळा रंग धुकं भेदतो हा समज सगळीकडे आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि निळा उजेड जवळपास सारखाच विखुरतात. पिवळ्याचा फायदा वेगळा आहे: त्यात डोळ्यांना टोचणारा निळा भाग नसतो, त्यामुळे नजर कमी थकते. फ्रान्समध्ये १९९३पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असत. मलाही पिवळे आवडतात, पण पांढरा, सरळ कडेचा फॉग लॅम्प हा कड नसलेल्या पिवळ्या दिव्यापेक्षा केव्हाही चांगला. ड्रायव्हिंग लॅम्पवर पिवळी फिल्म चिकटवून त्याचा फॉग लॅम्प होत नाही. हा प्रयोग मी करून बसलोय.

दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? खोक्यावरचं नाव बघू नका, काच बघा. युरोपीय मानकाच्या दिव्यावर वर्तुळात 'ई' आणि एक आकडा असतो, त्याच्या आसपास अक्षरं कोरलेली असतात. 'बी' किंवा 'एफ ३' असेल तर तो फॉग लॅम्प. 'एचआर' असेल तर हॅलोजनचा लांब झोत, म्हणजे ड्रायव्हिंग लॅम्प. 'एचसी' म्हणजे डिपर आणि 'एचसीआर' म्हणजे दोन्ही. काहीच कोरलेलं नसेल तर तो दिवा रस्त्यासाठी कुणी तपासलेला असण्याची शक्यता कमीच. माझ्या जोडीवर 'एचआर' होतं. मी ते त्यानंतर दोन महिन्यांनी वाचलं.

खोक्यावर दुसरी एक फसवी गोष्ट असते: "६०० मीटरवर १ लक्स." लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्स, म्हणजे १ लक्समध्ये काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते कळत नाही. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून तोच दिवा ३०० मीटरवर ४ लक्स आणि १५० मीटरवर १६ लक्स देतो. तो कामाचा आकडा. लुमेन तर सोडूनच द्या, तो दिव्यातून एकूण किती उजेड निघतो ते सांगतो, कुठे पडतो ते नाही.

फॉग लॅम्पचाही गैरवापर होतो. स्वच्छ रात्री जादा उजेड म्हणून तो चालू ठेवला की गाडीपुढचे दहा मीटर लख्ख होतात, डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा रस्ता उलट आणखी काळा वाटतो. चालवणाऱ्याला मात्र वाटतं की छान दिसतंय.

आता नाकाकडे परत येतो. ड्रायव्हिंग लॅम्प परत करायला निघालो तेव्हा अ‍ॅक्सलचं काम केलेले मेस्त्री म्हणाले, "अहो, दिवे बदलू नका. आधी फोकस भिंतीवर बघू." सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावली. टायरची हवा बरोबर केली, मला सीटवर बसवलं. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंत ८५ सेंटिमीटर भरले, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली. डिपरची कड त्या रेघेच्या साधारण १२ सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे १.२ टक्के उतार. माझी कड रेघेच्या ९ सेंटिमीटर वर होती.

हिशोब सोपा आहे. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,३७५ मिलिमीटर. पुढून ५० मिलिमीटर उचललं की गाडी २.१ टक्के मागे झुकते. १.२ टक्के खाली बघणारा दिवा ०.९ टक्के वर बघायला लागतो. आधी ८० सेंटिमीटर उंचीवरून निघालेला झोत ६७ मीटरवर रस्त्याला लागत होता, आता तो रस्त्याला लागतच नव्हता. ५० मीटरवर तो जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर, म्हणजे समोरच्या कारवाल्याच्या तोंडावर. हेडलाइट कमी पडत नव्हते, ते आकाशात वाया जात होते. स्क्रूड्रायव्हरने दोन स्क्रू फिरवले. दहा मिनिटं लागली.

चारही बाजूंनी सारखी उचललेली गाडी वेगळी. जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवले की पाच-एक इंच उंची मिळते, पण झुकाव बदलत नाही. तिथे दिवा फक्त वर जातो: ६७ मीटरचा झोत ७७ पर्यंत लांबतो, आणि पुढच्या गाडीच्या आरशात जास्त घुसतो. फोकस तेव्हाही तपासायचाच, पण बिघाड कमी असतो. मागे सामान भरलं तरी नाक वर जातं. अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असतं ते त्यासाठीच. आकडा वाढवला की झोत खाली येतो. तो वाढवून जास्त उजेड मिळवू पाहणारे मी पाहिलेत.

मग माझ्या जुन्या वायरिंगची पाळी आली. हेडलाइटचा सगळा करंट तीस वर्षं जुन्या स्विचमधून फिरून यायचा. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज आणि दोन रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाकल्यावर तेच ६०/५५ वॅटचे बल्ब ओळखू येईनात. रिलेचे चार पाय असे: ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ मध्ये स्विचचा इशारा आणि अर्थिंग. ड्रायव्हिंग लॅम्पसाठी तो इशारा अप्परच्या वायरीतून, फॉग लॅम्पसाठी पार्किंग लाइटच्या. १०० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साधारण १७ अँपिअर खेचतात. रिलेशिवाय लावले तर आधी स्विच वितळेल, मग वास येईल.

एच ४ च्या (अप्पर आणि डिपर दोन्ही एकाच बल्बमध्ये असलेल्या हॅलोजनच्या) होल्डरमध्ये स्वस्त एलईडी बल्ब घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. खऱ्या एच ४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते, ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरकडे उजेड जाऊ देत नाही. त्यामुळेच कड तयार होते. एलईडीचे चिप त्या जागी मिलिमीटरभर जरी चुकले तरी कड विस्कटते आणि भिंतीवर नुसता ढग पडतो. परदेशातून मागवलेल्या सात इंची हेडलाइटचंही असंच: आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरची कड डाव्या बाजूला वर चढते. उजवीकडून चालणाऱ्या देशातला दिवा लावला तर तो चढ बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत.

कायद्याचं एका ओळीत: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पुढचा अ‍ॅक्सलच दुसऱ्या गाडीचा घालणाऱ्यांनी हे आधी वाचावं, दिवेवाल्यांनीही.

सध्या माझ्या बंपरमध्ये खाली 'बी' कोरलेली पिवळ्या काचेची जोडी आहे. ड्रायव्हिंग लॅम्प परत घेतले गेले नाहीत, ते रस्त्यावर झाकण लावून आणि माळावर झाकण काढून वापरतो. दिवाळीत विंच बसली. नाक दीड सेंटिमीटर खाली आलं, आणि भिंतीवर कड सहा सेंटिमीटर घसरली. पुन्हा पार्किंग, पुन्हा खडू. तळमजल्यावरचे काका गॅलरीतून विचारत होते, "अहो, ही रेघ पुसणार कोण?"