चुकांच्या नोंदी जास्त म्हणजे दवाखाना वाईट?

"ज्या दवाखान्यात चुकांच्या नोंदी जास्त, तिथे पेशंट नेऊ नका" हा मेसेज नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांबाहेर बसलेल्या नातेवाइकांतही फिरतो. काळजीपोटीच फिरतो. पण दवाखान्याच्या नोंदवहीत येतात त्या फक्त तिथल्या कुणीतरी सांगितलेल्या चुका. शेजारच्या बेडवर एकाच आडनावाचे दोन पेशंट. इंजेक्शनआधी सिस्टरने पेशंटच्या हातावरचा नावाचा पट्टा वाचला आणि अदलाबदल टळली. हेही नोंदवायचं असतं. बोलणी बसतील, पगार कापतील ही भीती असली की सिस्टर गप्प राहते. वही कोरी, धोका तसाच. नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, पण कोरी वही मला जास्त खटकते. पडताळायचं असेल तर सिस्टरलाच विचारा: चूक कळवली की पुढे काय होतं? आणि औषधाआधी पूर्ण नाव विचारतात का, तेही बघा.