बिऱ्हाड कुणाचं धक्क्याला, कुणाचं पाठीवर

ऑक्टोबरात अमेरिकेच्या चेसापीक उपसागरावर, ॲनापोलिसच्या एखाद्या मरीनात, म्हणजे हौशी बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, संध्याकाळी गेलात तर धक्क्यावर घडीच्या खुर्च्या टाकून दहा-बारा जणं गप्पा मारत बसलेली दिसतील. अंगात विटके स्वेटर, हातात आपापल्या बोटीवरून आणलेला पेला, मध्ये प्रत्येकानं आणलेला एकेक पदार्थ. कुणालाही विचारा, उत्तर एकच: "आम्ही बोटीवर राहतो." गफलत इथेच होते, कारण त्यातले काही लिव्हअबोर्ड असतात आणि काही क्रूझर.

लिव्हअबोर्ड म्हणजे बोटीवरचा बिऱ्हाडकरू. जागेचा करार वर्षाचा, गाडी पार्किंगमध्ये, नोकरी शहरात. क्रूझरही बोटीवरच राहतो, पण त्याचं विंचवाचं बिऱ्हाड. मरीना म्हणजे त्याला रात्रीच्या भाड्याची धर्मशाळा. पैसे वाचवायचे तर तो बाहेर खाडीत नांगर टाकून राहतो. (तसं पाहिलं तर क्रूझर मुक्कामालाही बोटीवरच, म्हणून 'लिव्हअबोर्ड क्रूझर' असंही म्हणतात. गोंधळात भर!)

बोटीकडे पाहिलं की बराचसा उलगडा होतो. कठड्याला डिझेल-पाण्याचे कॅन करकचून बांधलेत, वर सौर पॅनेल, मागे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी (डिंगी) टांगलेली: क्रूझर. धक्क्यावरून बोटीत चढायला लाकडी पायऱ्या, कुंडीत तुळशीची परदेशी बहीण बेझिल, आणि पाण्याखालच्या भागावर हिरवं शेवाळ: बिऱ्हाडकरू. शेवाळ सहसा खोटं बोलत नाही.

शरदात हे दोघं एकाच धक्क्यावर येतात याला कारण वादळं. अटलांटिकचा हरिकेन हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. अनेक विमा पॉलिसी हंगाम सरेपर्यंत किंवा 1 नोव्हेंबरपर्यंत बोट ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेला नेऊ देत नाहीत. म्हणून उत्तरेकडून फ्लोरिडा-बहामाला निघालेले क्रूझर इथे थबकतात. त्यातच ॲनापोलिसचं शिडाच्या बोटींचं मोठं प्रदर्शनही ऑक्टोबरातच. थंडीची लाट येऊन वारा वायव्येचा, म्हणजे दक्षिणेला जायला सोयीचा, झाला की दोरखंड सुटतात. बिऱ्हाडकरूची चिंता वेगळी. पाणी गोठायच्या दिवसांत धक्क्यावरचे नळ बंद होतात, तेव्हा टाकी कशी भरायची? हीटर लावला तर किनाऱ्याच्या विजेची केबल तापणार तर नाही?

खरा फरक मात्र शेजारधर्मात. क्रूझर माणसाला बोटीच्या नावानं ओळखतात, आडनाव वर्षानुवर्षं ठाऊक नसतं. भेट झाली की बोटीचं नाव छापलेलं कार्ड देतात. वेळ थोडा असल्यानं मैत्रीही झपाट्यानं होते: पहिल्या संध्याकाळी नांगराच्या गोष्टी, दुसऱ्या संध्याकाळी घटस्फोटाच्या. मग कुणीतरी पहाटे निघून जातो आणि पुढची भेट थेट दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातल्या एखाद्या खाडीत. बिऱ्हाडकरूंचं तसं नसतं, ते आपल्या जुन्या वाड्यासारखे. कोण ढकलगाडी घेऊन गेला आणि परत आणली नाही, कुणाच्या बोटीचा पंप मध्यरात्री तळाशी तुंबलेलं पाणी उपसतो, सगळं माहीत. रुसवेफुगवेही तितकेच टिकाऊ. दोघांचा एक रिवाज मात्र समान: बोटीवर परस्पर पाय ठेवायचा नाही. बाजूवर टकटक करायची, हाक यायची, मग बूट काढून चढायचं. आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

आणि दोघांना एकमेकांची गरज पडतेच. क्रूझरकडे गाडी नसते. किराणा आणायला, गॅसची टाकी भरायला बिऱ्हाडकरूच नेतो. बदल्यात क्रूझर त्याचं बंद पडलेलं इंजिन खोलून बसतो.

गावं आणि सरकारंही यांना एका मापानं मोजत नाहीत. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात मरीनातल्या साधारण 10 टक्के जागांपर्यंतच बिऱ्हाडं ठेवू देतात, कारण पाणी सर्वांचं, त्यावर वस्ती नको. क्रूझरचं मात्र स्वागत! नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीत 1983 साली फ्रेड फिअरिंग आणि जो क्रेमर या दोघा गावकऱ्यांनी धक्क्याला लागलेल्या बोटींवर गुलाब आणि वाइन-चीज घेऊन जायला सुरुवात केली. धक्का फुकट, पण 48 तासच.

तरीही काही जण मधल्यामध्ये अडकतात. इंजिनचा सुटा भाग येईपर्यंत म्हणून आठवडाभर थांबलेला क्रूझर दुसऱ्या शरदातही तिथेच असतो आणि "वारा फिरला की निघतोच" म्हणतो. मग एक दिवस त्याच्या बोटीसमोर बेझिलची कुंडी दिसते.