आधी भोवरा, मग कार्टून

'बेब्लेड कार्टून गाजलं, म्हणून त्याचे भोवरे निघाले' हा मेसेज गावच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडच्या मंडईत हे भोवरे दिसले ते टीव्हीनंतरच. जपानात मात्र भोवरा १९९९ साली विक्रीला आला आणि टीव्ही मालिका २००१ साली. ही-मॅनचंही तेच: बाहुले १९८२, कार्टून १९८३.

पडताळायचं असेल तर मोबाईलवर दोन साल शोधा, खेळणं विक्रीला आल्याचं आणि पहिला भाग दाखवल्याचं. मग कार्टून नीट पाहा. दातेरी पट्टी खर्रकन ओढून भोवरा सोडणं, चकती बदलून तो पुन्हा जोडणं, सगळं खेळण्यासारखंच. कथाच त्याच्याभोवती रचलेली!

सगळी कार्टून अशी नसतात. मोटू-पतलू हिंदी मासिकातल्या चित्रकथेतून आले.