एव्हरेडीच्या सेलपासून बिडकीनपर्यंत

रात्री लाइट आली की मोटर चालू करायला निघालेल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या हातात बॅटरी असायची आणि तिच्यात बहुधा एव्हरेडीचे लाल सेल. ते बनवणारी कंपनी युनियन कार्बाइड इंडिया. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये वायू सुटला, तो याच कंपनीच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून. आत काय साठवलंय, हे शेजारच्या वस्तीला ठाऊक नव्हतं. लोकांसाठीचा भोंगा वाजला, तोही लगेच बंद केला गेला. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याला आडवे निघा, एवढं जरी आधी सांगितलेलं असतं, तरी कितीतरी जीव वाचले असते.

त्या रात्रीनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात कलम 41-बी आलं. धोका काय, आरोग्यावर परिणाम काय, अपघात झाला तर काय करायचं, हे कामगारांना आणि आसपासच्या लोकांना सांगणं धोकादायक कारखान्यांवर बंधनकारक झालं. घातक रसायनांबाबतच्या 1989 च्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची सोय केली.

हाच प्रश्न बॅटरीच्या कारखान्यांचाही आहे. जुन्या शिशाच्या बॅटऱ्यांचा धोका सावकाश येतो. कामगाराच्या कपड्यांवरची शिशाची धूळ घरी जाते, पोरांच्या अंगात भिनते. लिथियम मात्र वेळच देत नाही. एक सेल तापला की शेजारचा पेटतो आणि नेहमीच्या अग्निशामक नळकांड्याने ही साखळी तुटत नाही. 24 जून 2024 ला दक्षिण कोरियात ह्वासोंगच्या लिथियम बॅटरी कारखान्यात असंच झालं. कामगार नळकांडं घेऊन धावले, पण खोली धुराने भरायला मिनिटही लागलं नाही. 23 जण गेले. त्यांतले 18 परदेशातून पोटासाठी आलेले.

हे वाचताना मला छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज आठवतं. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे तिथल्या हातमोज्यांच्या कारखान्यात आतच झोपलेले 6 कामगार आगीत गेले.

आता त्याच शहराजवळच्या बिडकीनला एथर या इलेक्ट्रिक दुचाकी कंपनीचा प्रकल्प ठरला आहे, वर्षाला 10 लाखांपर्यंत दुचाक्या आणि तितकेच बॅटरी पॅक. रोजगार हवाच आहे. पण धूर दिसला तर कुणीकडे जायचं, हे पैठण रस्त्यावरच्या गावांना ग्रामसभेत मराठीतून आणि बिहार-उत्तर प्रदेशातून येणाऱ्या ठेकेदारी कामगाराला पहिल्याच दिवशी हिंदीतून, बाहेरचं दार दाखवून सांगायला हवं. पहिला सेल लाइनवर येण्याआधी.