आउटबोर्ड मोटरची सुटलेली नळी ओळखणं

होडीच्या मागच्या फळीला जे मशीन लटकवलेलं असतं (आउटबोर्ड, किंवा ओबीएम) त्याचा वरचा टोप काढला की आत नळ्यांचं जंगल दिसतं, आणि त्यातली एखादी नळी कुठेच जोडलेली नाहीये असं लक्षात आलं की ती कशाची आहे, कुठे जायची होती, आणि मुळात जोडायची होती का, हे शोधून काढण्याला इथे ओळखणं म्हटलंय. मालवण-तारकर्लीच्या पर्यटन होड्या असोत की गोव्यातल्या डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी, पावसाळ्यात मशीन महिनोन्महिने पडून राहतं, उंदीर नळ्या कुरतडतात, रबर कडक होतं, आणि सीझनच्या तोंडावर टोप उघडला की हा प्रश्न हमखास येतो. कार्ब्युरेटर साफ करायला काढला आणि परत बसवताना एक नळी उरली, हा दुसरा नेहमीचा प्रकार.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नळी हातात धरून ती ज्या निपलवर (नळी चढवायच्या आखूड तोंडावर) घट्ट बसेल तिथे बसवून टाकणं. एकाच मापाची निपल मशीनवर चार-पाच ठिकाणी असतात, त्यामुळे बसली म्हणजे बरोबर बसली असं अजिबात नाही. आधी सुटलेलं टोक सोडून द्या आणि त्या नळीचं दुसरं टोक शोधा, ते कुठून निघालंय ते कळलं की निम्मं काम झालं. मग मोकळं निपल शोधायचं. जिथे नळी बरीच वर्षं होती ते निपल बुडाशी स्वच्छ, चकचकीत दिसतं आणि आजूबाजूला मळ आणि मिठाचा थर असतो, उलट जे निपल पहिल्यापासून रिकामं आहे त्यावर रबरी टोपी तरी असते किंवा ते सगळीकडे सारखंच मळलेलं असतं. नळीच्या तोंडावर क्लिपचा गोल वण आहे का, तोंड फाकलंय का, हेही बघा, वण असेल तर ती नक्की कुठेतरी बसलेली होती. जुनं रबर आपला बाक सोडत नाही, नळी मोकळी सोडली की ती बऱ्याचदा आपल्या जागेकडेच वळते.

आतून काय निघतं त्यावरूनही बरंच कळतं. नळीत पांढरी खारट पपडी असेल तर पाण्याची, तपकिरी चिकट थर आणि शिळ्या पेट्रोलचा वास असेल तर इंधनाची, निळसर-हिरवट तेल असेल तर बहुतेक टू-स्ट्रोकच्या ऑइल इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोलमध्ये आपोआप तेल मिसळणाऱ्या यंत्रणेची (त्या तेलात रंग घातलेला असतो). आत काहीच नाही, कोरडी ठणठणीत, तर हवेची किंवा व्हॅक्यूमची. वास घ्या, पण तोंडाने फुंकू नका, मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा आणि तिने हवा मारा.

इंधनाच्या नळ्या

टाकीपासून निघालं की हाताने दाबायचा बल्ब (त्यावरचा बाण कायम मशीनकडे), मग कनेक्टर, फिल्टर, पंप आणि कार्ब्युरेटर असा रस्ता असतो. मुख्य नळी आतून साधारण ८ किंवा ९.५ मिलिमीटरची. बल्ब दाबत राहिलो आणि तो घट्ट होतच नाहीये तर पुढे कुठेतरी रस्ता उघडा आहे, आणि पेट्रोल जिथून टपकतं तीच आपली जागा. हे करताना बॅटरी काढलेली हवी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टोपाच्या आत आणि होडीच्या तळाशी साचून राहते आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते.

टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा पंप पडद्याचा असतो आणि तो पडदा क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर हलतो. छोट्या मशीनला पंप बऱ्याचदा थेट ब्लॉकवरच बसवलेला असतो त्यामुळे वेगळी नळी लागत नाही, पण जिथे पंप लांब आहे तिथे हे ठोके नेणारी एक आखूड जाड नळी असते. जॉन्सन-इव्हिनरूड ह्या अमेरिकन कंपनीच्या मशीनवरच्या १९८४ पासूनच्या व्हीआरओ पंपाचं तसंच आहे, तेल आणि पेट्रोल दोन्ही तोच एक पंप ओढतो, आणि ही नळी निघाली की पंप मुका. लोक तिला इंधनाची समजून कार्ब्युरेटरवर शोधत बसतात आणि ती असते ब्लॉकवर.

फोर-स्ट्रोक इंजेक्शनच्या मशीनला वाफ वेगळी करणारी एक छोटी टाकी असते, तिच्या डोक्यावरून हवेची नळी निघते. ती सुटली तर मशीन चालतं, पण टोप उघडला की पेट्रोलचा भपकारा येतो. व्हॉल्व्ह कव्हरवरून एअर बॉक्सकडे जाणारी जाड, आतून तेलकट नळी म्हणजे ब्रीदर, ती सुटली की टोपाच्या आतल्या बाजूला तेलाचा थर धरतो.

पाण्याच्या नळ्या

मशीन चालू असताना मागून जी पिचकारी उडते ती एका बारीक नळीतून ब्लॉककडून टोपाच्या खालच्या कडेला येते. ही नळी सुटली तर बाहेर पाणी दिसत नाही, माणूस घाबरून मशीन गरम झालं समजतो, आणि खरं तर पाणी टोपाच्या आत उडत असतं आणि फ्लायव्हील ते खारं पाणी सगळ्या वायरिंगवर फेकत असतं. पिचकारी बंद आणि आत कोरडं, असं असेल तर नळी जोडलेलीच आहे, भोक बुजलंय (कुंभारीण माशीला ते भोक फार आवडतं), बारीक तार घालून बघा.

यामाहाच्या बऱ्याच फोर-स्ट्रोकला खालच्या कडेला गोड्या पाण्याने धुवायचा पाइप लावायची एक जोडणी असते, ती फिरवून काढली की मागे नळीसकट बाहेर येते. ही मोकळी लोंबकळत ठेवून मशीन चालवायचं नाही, थंडाव्याचं पाणी तिथूनच निघून जातं आणि मशीन खरंच तापतं.

न जोडलेली असली तरी चालणारी नळी

मशीनच्या पायातून (पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागातून) वर येऊन वायरींच्या जुडग्यात नुसतीच सोडलेली एक बारीक, कडक नळी बऱ्याच मोठ्या मशीनला असते. ती स्पीडोमीटरची. गिअरकेसच्या पुढच्या धारेला एक छोटं भोक असतं, त्यात घुसणाऱ्या पाण्याच्या दाबावर डॅशबोर्डवरचा काटा हलतो. आता सगळे जीपीएस बघतात म्हणून ती कोणी जोडत नाही. तिच्यासाठी निपल शोधत बसू नका.

रिसर्क्युलेशनच्या नळ्या

सगळ्यात जास्त डोकं खातात त्या ह्याच. टू-स्ट्रोक हळू चालताना थोडं तेल-पेट्रोल क्रँककेसच्या तळाशी साचतं, ते वाया न घालवता एकतर्फी व्हॉल्व्हमधून बारीक नळ्यांनी दुसऱ्या सिलिंडरकडे परत पाठवतात. म्हणून ह्या नळ्या सरळ न जाता आडव्यातिडव्या जातात, एकाची खालची बाजू दुसऱ्याच्या वरच्या बाजूला, आणि हीच आडवातिडवी मांडणी बघून कोणीतरी आधीच चुकीची दुरुस्ती करून ठेवलेली असते. एक सुटली की मशीन कमी रेसवर गचके खातं, मोकळ्या निपलमधून तेलकट थेंब उडतात, आणि जिथून हवा आत जाते त्या सिलिंडरला मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिळतं. निपलखाली पांढरं फडकं धरून मशीन घटकाभर चालवलं (पायाला पाणी देऊन, नाहीतर पाण्याच्या पंपातल्या पंख्याचं, म्हणजे इम्पेलरचं, रबर काही क्षणांत जळतं) तर डाग पडेल ते फेकणारं टोक, आणि बोट ठेवल्यावर आत ओढ लागेल ते घेणारं. सिरिंजने व्हॉल्व्हची दिशा तपासली की जोडी जुळते.

तेलाच्या इंजेक्शनची नळी सुटली असेल तर मात्र प्रयोग करायचे नाहीत, बिनतेलाचा टू-स्ट्रोक जाम व्हायला वेळ लागत नाही. ओळख पटेपर्यंत टाकीतच ५० ला १ मिश्रण करून चालवतात.

शंका राहिलीच तर मॉडेल नंबर घ्या, तो होडीला आवळायच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो, आणि त्यावरून पार्टसचं चित्र मिळतं. १९८० पासूनच्या जॉन्सन-इव्हिनरूडला वर्ष अक्षरांत लिहितात, ‘इंट्रोड्यूसेस’ ह्या इंग्रजी शब्दाच्या दहा अक्षरांना १ ते ९ आणि शेवटी ०, म्हणजे सी-आर असेल तर ८४. नंबरच्या अगदी शेवटचं एक अक्षर सुधारणेचं असतं, ते वर्षात धरू नये. ह्या कारखान्याचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या मशीनला हीच चित्रं कामाला येतात.

नवी नळी घालताना इंधनाच्या जागी पाण्याची किंवा बागेची नळी चालत नाही, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ती आतून सुजते आणि तिचे तुकडे कार्ब्युरेटरमध्ये जातात. बोटीच्या इंधनासाठी ए१-१५ किंवा बी१-१५ असं छापलेली नळी येते, आणि टोपाच्या आत क्लिप स्टेनलेसचीच घालावी.